भाजलेली माती, खारट माती : कडधान्यांच्या मुळांवरील गाठींचा इतिहास

१/ साल १८५७. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात तीन शास्त्रज्ञ कुंड्यांसाठी माती भाजत होते. वनस्पती हवेतील नत्र घेऊ शकतात का, या वादग्रस्त प्रश्नाचा त्यांना कायमचा निकाल लावायचा होता. मातीत नत्राचा अंशही उरू नये म्हणून ही खटपट चालली होती. प्रयोगात कसूर राहिली नाही. निष्कर्ष मात्र अपुरा निघाला आणि पाव शतकाहून अधिक काळ तोच प्रमाण मानला गेला.

२/ भाजण्याने मातीतून नेमके काय नाहीसे झाले होते, ते कसे उमगले, आणि तोच प्रश्न पुढे नीरा खोऱ्यापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या खारवट जमिनींत नव्या रूपाने कसा उभा राहिला, त्याचा हा इतिहास.

३/ शेतकऱ्याला यातले अर्धे सत्य फार पूर्वीपासून ठाऊक होते. महाराष्ट्रात आधीच्या पिकाचा पुढच्या पिकावर होणारा परिणाम ‘बेवड’ या शब्दाने सांगतात, आणि हरभऱ्याचा बेवड चांगला मानतात. ज्वारीत तूर किंवा बाजरीत मटकी पेरण्याची रीतही जुनी आहे. रोमन लेखक व्हारो आणि कोलुमेल्ला यांनीही ल्युपिनसारख्या शेंगवर्गीय पिकांनी जमीन सुधारते असे नोंदवून ठेवले आहे. असे का होते, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

४/ या ‘का’ला पहिला मोठा हात घातला तो फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो याने. अल्सासमधील बेशेलब्रॉन येथील शेतावर त्याने पिकांत आणि खतांत किती नत्र येते-जाते याचा ताळेबंद मांडला. कुंड्यांतील प्रयोगांवरून १८३८ मध्ये त्याने जाहीर केले, की क्लोव्हर आणि वाटाणा यांच्यातील नत्र वाढते, गहू आणि ओट यांच्यातील वाढत नाही. वाढीव नत्राचा स्रोत हवाच असणार, असे त्याला दिसत होते.

५/ जर्मनीत लीबिगचे मत निराळे होते. हवेत थोडा अमोनिया असतो, तो पावसाबरोबर जमिनीत उतरतो आणि पिकांना पुरतो, असे तो म्हणे. लीबिगचे नाव मोठे होते आणि वाद पेटला. १८५० च्या दशकात बूसँगोने अधिक काटेकोर प्रयोग केले. भाजलेली वाळू वापरली आणि भांडी बंदिस्त ठेवली. या वेळी शेंगवर्गीय पिकांतही नत्र वाढले नाही. आपलाच पूर्वीचा निष्कर्ष त्याला मागे घ्यावा लागला.

६/ या पार्श्वभूमीवर रॉथॅमस्टेडचा प्रयोग झाला. लॉज, गिल्बर्ट आणि अमेरिकेहून आलेला तरुण रसायनशास्त्रज्ञ प्यू यांनी १८५७-५८ मध्ये भाजलेल्या मातीत, काचेच्या आवरणाखाली, अमोनिया काढून टाकलेल्या हवेत रोपे वाढवली. धान्ये असोत वा शेंगवर्गीय, नत्राची वाढ कुठेच आढळली नाही. १८६१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि बहुतेकांच्या लेखी वाद मिटला.

७/ पण प्रयोगशाळेबाहेरचे शेत हा निकाल मानेना. १८७३ मध्ये रॉथॅमस्टेडच्याच एका शेताच्या अर्ध्या भागात सातू आणि अर्ध्या भागात क्लोव्हर घेतले. सातूच्या पिकातून एकरी ३७.३ पौंड नत्र निघाले, क्लोव्हरमधून १५१.३ पौंड. इतके नत्र उचलल्यावर क्लोव्हरखालची जमीन रोडावायला हवी होती. पुढच्या वर्षी सगळीकडे सातू पेरला. सातूवरच्या सातूत ३९.१ पौंड नत्र भरले आणि क्लोव्हरच्या बेवडावर ६९.४ पौंड.

८/ म्हणजे एकाच केंद्रात कुंडी एक सांगत होती आणि शेत दुसरेच. काहींनी तर्क केला, की क्लोव्हरची मुळे खोल जाऊन तळचे नत्र वर आणत असतील. कुंडीच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कोणाला कारण दिसत नव्हते, कारण ती अधिक स्वच्छ होती. नेमकी तिथेच गोम होती.

९/ कोडे सुटले ते जर्मनीतील बेर्नबुर्ग येथे. हा साखरेच्या बीटचा मुलूख. तिथल्या प्रयोगकेंद्रात हेलरीगेल आणि विल्फार्ट वाळूच्या कुंड्यांत पिके वाढवून त्यांना नत्र मोजून देत होते. ओट आणि सातू यांचा हिशेब सरळ होता. जितके नायट्रेट तितकी वाढ, नायट्रेट नाही तर वाढही नाही. वाटाणा मात्र कोणत्याच हिशेबात बसत नव्हता.

१०/ नायट्रेट न दिलेल्या वाटाण्याची रोपे आधी पिवळी पडत. मग काही तशीच मरत आणि काही अचानक हिरवीगार होऊन जोमाने वाढत. एकच वाळू, एकच बियाणे आणि शेजारीशेजारी ठेवलेल्या कुंड्या. असा विस्कळीत निकाल ‘प्रयोगातील दोष’ म्हणून बाजूला टाकणे सोपे होते. हेलरीगेलने तसे केले नाही. रोपे उपटून पाहिली, तेव्हा तगलेल्या रोपांच्या मुळांवर गाठी होत्या आणि मेलेल्यांच्या मुळांवर नव्हत्या.

११/ पुढचा प्रयोग साधा होता. निर्जंतुक वाळूत वाटाणा लावला, तो उपाशी राहिला. त्याच वाळूत शेतातील मातीचे थोडे पाणी घातले, तर गाठी आल्या आणि रोप वाढले. तेच पाणी उकळून घातले, तर काहीच घडले नाही. म्हणजे मातीत काहीतरी सजीव होते आणि उष्णतेने ते मरत होते. रॉथॅमस्टेडच्या भट्टीत नत्राबरोबर हेही जळून गेले होते.

१२/ याच मालिकेत आणखी एक गोष्ट दिसली. बीटच्या शेतातील मातीचे पाणी वाटाण्याला चालले, पण ल्युपिनला चालले नाही. ल्युपिनला ल्युपिनच्या वाळवट जमिनीतील मातीच लागली. गाठी धरायला कोणताही जिवाणू पुरेसा नव्हता. झाड आणि जिवाणू यांची जोडी जुळावी लागत होती. या धाग्याच्या उत्तरार्धात ही गोष्ट पुन्हा समोर येणार आहे.

१३/ सप्टेंबर १८८६ मध्ये बर्लिन येथील निसर्गशास्त्रज्ञांच्या परिषदेत हेलरीगेलने हे जाहीर केले. सविस्तर ग्रंथ १८८८ मध्ये आला. बर्लिनच्या त्या सभेला रॉथॅमस्टेडचा गिल्बर्ट स्वतः हजर होता. परत जाऊन त्याने प्रयोग करून पाहिले आणि हेलरीगेलच्या निष्कर्षाला दुजोरा दिला. ज्या प्रयोगावर आपली कीर्ती उभी होती त्याचीच उणीव अशी मान्य करणे हा विज्ञानाच्या इतिहासातील एक लखलखीत प्रसंग आहे.

१४/ गाठी तशा नव्या नव्हत्या. इटलीच्या माल्पिगीने त्या १६७९ मध्येच चितारल्या होत्या, पण त्याला त्या कीटकांमुळे येणाऱ्या गाठींसारख्या वाटल्या. १८६६ मध्ये रशियाच्या वोरोनिनला ल्युपिनच्या गाठींत जिवाणूंसारखे सूक्ष्म कण दिसले. पण त्या कणांचा आणि नत्राचा संबंध कोणी जोडला नव्हता. दोनशे वर्षे उत्तर डोळ्यांसमोर होते आणि प्रश्न दुसऱ्याच दालनात विचारला जात होता.

१५/ १८८८ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे बायरिंक याने हा जिवाणू गाठीतून वेगळा करून वाढवला. तो तेव्हा यीस्ट आणि मद्यार्क तयार करणाऱ्या कारखान्यात नोकरीला होता. पुढच्या वर्षी फ्रांक याने जिवाणूला ‘रायझोबियम’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील ‘मूळ’ आणि ‘जीवन’ अशा दोन शब्दांपासून ते बनले आहे.

१६/ व्यवहार असा चालतो. झाड आपल्या पानांत तयार झालेली साखर गाठीला पुरवते आणि जिवाणू हवेतील नत्राचा अमोनिया करून झाडाला देतो. हे काम करणारे विकर प्राणवायूने निकामी होते, म्हणून गाठीत प्राणवायूवर पहारा ठेवणारे एक लाल द्रव्य असते. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे ते नातलग. जपानच्या कुबो याने ते १९३९ मध्ये ओळखले. चांगली गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी दिसते ती त्यामुळेच.

१७/ जिवाणू सापडला तसा तो विकण्याचा विचारही आला. १८९६ मध्ये नोबे आणि हिल्टनर यांनी ‘नायट्राजिन’ या नावाने निरनिराळ्या पिकांसाठी जिवाणूंचे संवर्धक बाजारात आणले. अमेरिकेत कृषी खात्यातील मूर याने कापसावर वाळवलेले जिवाणू शेतकऱ्यांना फुकट वाटले आणि वर्तमानपत्रांनी चमत्कार म्हणून गाजावाजा केला. १९०५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील जिनिव्हा प्रयोगकेंद्राने तपासणी केली, तेव्हा तो कापूस निरुपयोगी ठरला. जिवाणू वाळून मेले होते.

१८/ भारतात शेंगवर्गीय पिके आणि रायझोबियम यांच्या नात्याचा पद्धतशीर अभ्यास १९२० मध्ये एन. व्ही. जोशी यांच्यापासून सुरू झाला, असे मानले जाते. आज कृषी सेवा केंद्रात मिळणारे रायझोबियमचे २५० ग्रॅमचे पाकीट आणि ते गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळण्याची रीत, ही दोन्ही याच परंपरेची वारस आहेत.

१९/ इथवरच्या कथेतील जमिनी गोड्या होत्या. पण ज्या दशकात हेलरीगेल वाटाण्याची रोपे मोजत होता, त्याच दशकात पुणे जिल्ह्यात एक वेगळी जमीन घडू लागली. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. दुष्काळी पट्ट्यात बारमाही पाणी आले आणि ऊस उभा राहिला. पाण्याबरोबर मीठही वर येईल, याची कल्पना थोड्यांनाच होती.

२०/ खरे तर इशारा मिळालेला होता. उत्तर भारतात कालव्यांच्या काठच्या शेतांवर ‘रेह’ नावाचा पांढरा थर चढू लागला होता आणि १८७० च्या दशकात त्यासाठी सरकारला समिती नेमावी लागली होती. कारण सगळीकडे एकच. दिलेले पाणी झिरपते, निचरा नसला की भूजल वर चढते, उन्हाने पाणी उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागाशी साचतात.

२१/ १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. लेखक होते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे. कालवा वाहू लागून जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती आणि बिघडलेल्या जमिनी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला होता. खारवट आणि चोपण हे शब्द बागायती पट्ट्यात आजही रोजच्या बोलण्यात आहेत.

२२/ अशा जमिनीत सर्वांत आधी माघार घेतात ती बहुधा कडधान्ये. अमेरिकेतील मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये पिकांच्या क्षारसहनशीलतेचे कोष्टक मांडले. मातीच्या द्रावणाची विद्युतवाहकता १ डेसिसीमेन्स प्रति मीटर ओलांडताच घेवड्याचे उत्पादन घटू लागते. सातू ८ पर्यंत तग धरतो. म्हणजे जमिनीला नत्र देणारे पीकच तिथे उभे राहत नाही आणि बिघडलेली जमीन अधिकच कंगाल होते.

२३/ स्वाभाविक तर्क असा होता, की मीठ जिवाणूला मारत असेल. तेव्हा मीठ सोसणारा जिवाणू शोधावा आणि पाकिटात भरावा. पण रायझोबियम आपल्या यजमान झाडापेक्षा पुष्कळदा काटक निघतो. लसूणघासाच्या मुळांवरील जिवाणूच्या काही जाती समुद्राच्या निम्म्या खारेपणातही वाढतात. पेशीतील पाणी बाहेर ओढले जाऊ नये म्हणून त्या आत ग्लायसीन बीटेनसारखी द्रव्ये साठवतात. बीटेन हे नाव बीटवरूनच पडले, कारण ते प्रथम बीटच्या रसात सापडले.

२४/ मग गाठी का येत नाहीत? १९८४ मध्ये हवाई विद्यापीठातील सिंगलटन आणि बोहलूल यांनी हे तपासण्यासाठी एक नेटकी युक्ती केली. सोयाबीनच्या एकाच रोपाची मुळे दोन भागांत विभागली. एका भागाला मीठ आणि जिवाणू दिले, दुसऱ्या भागाला गोडे पाणी. त्यामुळे झाड मिठाने हैराण होत नव्हते. मिठाचा परिणाम फक्त गाठी धरण्यावर काय होतो, तेवढेच निराळे पाहता येत होते.

२५/ मुळांवर जिवाणू नेहमीसारखेच पसरले. मिठाने त्यांची वस्ती कमी झाली नाही. पण लिटरमागे साधारण दीड ग्रॅम मिठातच गाठींची संख्या निम्म्यावर आली आणि तीन ग्रॅमच्या आसपास नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, हे लक्षात घेतले तर ही मात्रा किती अल्प होती ते कळते. ज्या थोड्या गाठी धरल्या, त्या मात्र बऱ्यापैकी काम करत होत्या.

२६/ मग त्यांनी अधिक मिठातही धरलेल्या गाठींतून जिवाणू काढले. हे तर मिठात टिकून दाखवलेले वीर. ते पुन्हा खारट मुळांवर सोडले, पण गाठी वाढल्या नाहीत. उलट जिवाणू दिल्यावर मीठ देण्याआधी केवळ बारा तास थांबले, तर गाठी वाढल्या. मीठ जिवाणूला मारत नव्हते. मूळ आणि जिवाणू यांच्या भेटीचे पहिले काही तासच ते बिघडवत होते.

२७/ या भेटीत काय घडते ते पुढच्या काही वर्षांत उलगडले. मूळ फ्लॅव्होनॉइड वर्गातील रसायने सोडून हाक देते, जिवाणू आपल्या रासायनिक संकेताने उत्तर देतो, मूलरोम वाकतो आणि जिवाणूला आत घेतो. जिवाणूच्या त्या संकेताची रचना फ्रेंच संशोधकांनी १९९० मध्ये उकलली. संकेत जुळला तर गाठ धरते. ल्युपिनला ल्युपिनचीच माती का लागली, याचे उत्तर हेलरीगेलनंतर शंभर वर्षांनी मिळाले.

२८/ म्हणून खारवट जमिनीत जुना अनुभव उपयोगी पडला. धैंचा हे शेंगवर्गीय झाड क्षार आणि साचलेले पाणी दोन्ही सोसते, गाठी धरते आणि हिरवळीचे खत म्हणून गाडले जाते. १९६९ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था हरियाणातील कर्नालला आहे, जिथे रेहचा जुना इतिहास आहे. चोपण जमिनींसाठी तिथे जी पद्धत रुजली, तिच्यात जिप्सम, भात आणि धैंचा यांची सांगड आहे.

२९/ ‘झाड काटक निवडा, बाकी आपोआप होईल’ हा निष्कर्षही घाईचा ठरला. दक्षिण ऑस्ट्रेलियात मेसिना नावाचे एक शेंगवर्गीय चारापीक खारट, पाणथळ जमिनीत उत्तम उगवे. पहिल्या वर्षी गाठीही येत. पण दुसऱ्या वर्षी पडलेल्या बियांतून उगवलेली रोपे पिवळी पडत. झाड टिकले होते. कोरड्या उन्हाळ्यात वरच्या थरात मीठ वाढले, की नेहमीचा जिवाणू मात्र तिथे मरून जात होता.

३०/ तिथे उणीव जिवाणूची होती. तेव्हा खारट मातीत उन्हाळा काढू शकणारा वाण शोधण्यात आला, आणि २०१७ मध्ये मेसिनाचे ‘नेपच्यून’ हे वाण बाजारात आले ते या जिवाणूला सोबत घेऊन. हवाईत झाडाचे मूळ कच्चे ठरले, ऑस्ट्रेलियात जिवाणू. दोघांपैकी एकालाच तपासणाऱ्याला यातले एक उत्तर हमखास चुकले असते.

३१/ हा फरक शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेला आहे. ‘क्षारसहनशील जिवाणू’ असे लिहिलेले पाकीट हरभऱ्यासारख्या नाजूक पिकाला चोळले आणि जमिनीचा निचराच नसला, तर जिवाणू जगेल, गाठी येणार नाहीत आणि खर्च वाया जाईल. निचरा, सहनशील पीक आणि त्याला जुळणारा जिवाणू या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. पाकीट पहिल्या दोहोंची जागा घेऊ शकत नाही.

३२/ रॉथॅमस्टेडच्या तिघांना वनस्पती एकटी पाहायची होती, म्हणून त्यांनी तिच्याभोवतीचे सारे भाजून टाकले. एकट्या वनस्पतीबद्दल त्यांनी काढलेला निष्कर्ष आजही खरा आहे. वाटाणा एकटा हवेतील नत्र घेऊ शकत नाही. फक्त शेतात वाटाणा कधी एकटा नसतो. बेवडाचा हिशेब ठेवणाऱ्या शेतकऱ्याने त्याला कधी एकटे मोजलेही नव्हते.

#इतिहास #विज्ञानाचा_इतिहास #शेती